पाऱ्याच्या नळीत कोंडलेली हवा

[दृश्य: लाकडी जिना. कठड्यालगत दोऱ्यांनी टांगलेली उंच काचेची नळी.]

काचेची एक नळी. खालून वळवून परत वर आणलेली, त्यामुळे तिची एक बाजू आखूड आणि दुसरी माणसापेक्षा उंच. आखूड बाजूचं तोंड बंद, लांब बाजूचं उघडं. ती इतकी उंच झाली होती की खोलीत तिच्याशी काम करता येईना, म्हणून ती जिन्यात टांगली. खाली चौकोनी लाकडी पेटी ठेवली. आधीची एक नळी प्रयोग चालू असतानाच फुटली होती, आणि पुन्हा तसं झालं तर निदान पारा तरी गोळा करता यावा!

जिन्याच्या वरच्या पायरीवर एक जण पारा ओततोय, अगदी थोडा थोडा. खाली दुसरा आखूड बाजूवर डोळे लावून बसलाय. तिथे कागदाची अरुंद पट्टी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर इंचांच्या आणि इंचाच्या भागांच्या खुणा आहेत. कोंडलेली हवा एका खुणेवरून पुढच्या खुणेपर्यंत आक्रसली की खालचा वरच्याला थांबवतो. आकडा लिहून होतो. मग पुन्हा पारा.

हे काम रॉबर्ट बॉइलने 1662 साली छापलं. आयर्लंडमध्ये लिझमोरला जन्मलेला, सधन घरातला हा माणूस तेव्हा ऑक्सफर्डला राहून हवेवर प्रयोग करत होता. हाताशी रॉबर्ट हुक होता. हवा उपसण्याचा पंप बांधण्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि मोजमापातही त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

पण हा सगळा खटाटोप कशासाठी? एका वादासाठी. 1640च्या दशकात इटलीत टॉरिचेलीने दाखवलं होतं की पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्या भांड्यात उपडी केली तर सगळा पारा खाली येत नाही, साधारण 76 सेंटिमीटरचा, म्हणजे 30 इंचांच्या आसपासचा, खांब उभा राहतो. 1648च्या सप्टेंबरात पास्कालच्या मेहुण्याने, पेरिएने, तसलीच नळी फ्रान्समधल्या प्युई द दोम या डोंगरावर नेली, तर वर जाताना पारा खाली उतरत गेला. हवेचं वजन पाऱ्याला तोलून धरतं, असा याचा अर्थ. बॉइल त्याच्याही पुढे गेला. हवेला नुसतं वजन नाही, तिला ताण आहे, लोकरीचा पुंजका दाबून सोडला की फुलतो तशी ती दाबली की उलट दाबते, असं त्याने मांडलं. फ्रान्सिस्कस लायनस या जेझुइट ख्रिस्ती पंथातल्या विद्वानाला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, हवेत एवढा जोर असणं शक्यच नाही. पाऱ्याला वरच्या रिकाम्या जागेतला एक अदृश्य धागा ओढून धरतो.

बॉइलचं उत्तर ही नळी आहे. हवा 29 इंच पारा तोलू शकत नाही म्हणता? मग ती शंभर इंच तोलते का, ते मोजून पाहू.

[दृश्य: छापील कोष्टक. आकड्यांच्या स्तंभावरून कॅमेरा सावकाश खाली.]

या कोष्टकावर जरा थांबू या. माझ्या मते ते शाळेच्या प्रत्येक पुस्तकात जसंच्या तसं छापायला हवं.

पहिली ओळ: कोंडलेली हवा पाव इंचाच्या 48 खुणा व्यापते, म्हणजे 12 इंच. दोन्ही बाजूंचा पारा सारख्या पातळीत. म्हणजे आतल्या हवेवर बाहेरच्या हवेइतकाच दाब, त्या दिवशी 29 पूर्णांक 2/16 इंच पारा. आता खाली 24च्या ओळीवर या. हवा निम्मी झाली. दाब किती? 58 पूर्णांक 13/16. तंतोतंत दुप्पट असता तर 58 पूर्णांक 2/8 आला असता. शेवटची ओळ 12ची. हवा मूळच्या चौथ्या हिश्शावर आली आहे आणि दाब 117 पूर्णांक 9/16 इंच. हिशेबाने हवा होता 116 पूर्णांक 4/8.

अशा 25 ओळी. शेजारीशेजारी दोन स्तंभ: एकात जे मोजलं ते, दुसऱ्यात हवेचं आकारमान आणि दाब एकमेकांच्या व्यस्त प्रमाणात असतील तर जे यायला हवं ते. दोन्ही जवळजवळ जुळतात, पण पुरते जुळत नाहीत. बॉइलने तो फरक झाकला नाही. शेवटच्या ओळीत तो एक इंचाहून जास्त आहे, आणि तोही तसाच छापलाय. पाव खुणेचा अंदाज डोळ्यांनी घ्यायचा, नळीचा पोकळपणा सगळीकडे सारखा नाही, हवा आक्रसत जाते तशी प्रत्येक खुण जास्त मोलाची होते. एवढं असूनही चूक शेकड्यात एकाच्या आसपासच राहिली. जिन्यात टांगलेल्या नळीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

हा संबंध पहिल्यांदा सुचवला तो रिचर्ड टाउनलीने, हेही बॉइलने लिहून ठेवलंय. टाउनली आणि त्याचा मित्र हेन्री पॉवर हे उत्तर इंग्लंडमधले. 1661 साली त्यांनी पेंडल हिल या टेकडीवर विरळ हवेची मोजमापं केली होती. आज नियमाला नाव एकट्या बॉइलचं आहे. फ्रान्समध्ये तोच नियम तिथल्या मारिओत या शास्त्रज्ञाच्या नावाने शिकवतात.

आणखी एक गोष्ट बॉइलने केली, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. दाबलेल्या हवेच्या भागाभोवती त्याने ओलं फडकं गुंडाळून पाहिलं. मग मेणबत्तीची ज्योत जवळ नेली. थंडीने हवा किंचित आक्रसल्यासारखी वाटली, उष्णतेने अधिक स्पष्टपणे फुगली. पण किती, ते त्याने मोजलं नाही. मोजणार कसं? तापमानाला तेव्हा सर्वांना मान्य असा अंशच नव्हता. फॅरनहाइट आणि सेल्सियस यांच्या मोजपट्ट्या यायला अजून साठ-ऐंशी वर्षं होती.

[दृश्य: पॅरिस. पाण्याच्या कढईत बुडवलेला काचेचा फुगा.]

तापमानाची बाजू मुख्यतः पॅरिसमध्ये उलगडली. गियोम आमोंतों, लहानपणापासून ऐकू न येणारा, 1700च्या आगेमागे हवेचं आकारमान कायम ठेवून तिचा दाब मोजत होता. पाणी उकळेपर्यंत तापवलं की दाब एका ठरावीक हिश्शाने वाढतो, हवा कमी घ्या की जास्त. मग उलटं जात राहिलं तर कधीतरी दाब शून्यावर येईल, थंडीला तळ असेल, ही कल्पना त्याच्याच मोजमापातून निघते.

नंतर जाक शार्ल. 1783च्या डिसेंबरात हायड्रोजनच्या फुग्यातून पॅरिसवर उडालेला हाच तो. 1787च्या सुमारास त्याने वायूंचं प्रसरण तपासलं आणि काहीच छापलं नाही. त्याचं श्रेय आज त्याला मिळतं ते जोसेफ गे-ल्युसॅकच्या सचोटीमुळे. 1802 साली स्वतःचे निष्कर्ष मांडताना या 23 वर्षांच्या तरुणाने शार्लचं काम आपल्या आधीचं आहे, असं लिहिलं.

गे-ल्युसॅकला एक साधी गोष्ट उमगली होती. आधीच्या लोकांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, कारण त्यांच्या भांड्यांत पाण्याचे थेंब राहत. तापवलं की पाण्याची वाफ होते, आणि वाफेने वाढलेलं आकारमान हवेच्या नावावर मांडलं जातं. त्याने भांडी आणि वायू कोरडे केले. लगेच चित्र स्वच्छ झालं. हवा, ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, सगळे सारखेच फुगतात: 0 अंशाला 100 भाग असतील तर 100 अंशाला 137.5. म्हणजे अंशामागे 0 अंशाच्या आकारमानाचा सुमारे 267वा भाग.

1834मध्ये क्लापेरॉनने बॉइलचा आणि गे-ल्युसॅकचा नियम एका समीकरणात बसवला. दाब गुणिले आकारमान, तापमानाच्या प्रमाणात. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती.

ती संपली नाही, कारण पुढच्यांनी पुन्हा मोजलं. स्वीडनमध्ये, उप्सालाला, रुडबर्गला 1837च्या सुमारास 0 ते 100 अंशांमधल्या वाढीसाठी 0.375ऐवजी 0.365च्या आसपास आकडा मिळाला. तीस वर्षं युरोपभर वापरात असलेला आकडा चुकीचा निघाला. आणि मग या कामात आंरी व्हिक्टर रेन्यो उतरला.

[दृश्य: कॉलेज द फ्रान्सचं जुनं आवार. भिंतीलगत वर जाणारी पाऱ्याची नळी, शेजारी वाचनाची दुर्बीण.]

रेन्योचं नाव आज फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. 1810 साली आखेनला जन्म, पोरवयात पॅरिसमधल्या कापडाच्या दुकानात नोकरी, तिथून स्वतःच्या बळावर वर आलेला. फ्रेंच सरकारला वाफेच्या इंजिनांसाठी भरवशाचे आकडे हवे होते आणि ते काम त्याच्याकडे आलं. त्याने ठरवलं की आधीच्या कुणाच्याही आकड्यावर विसंबायचं नाही.

त्याची काळजी जवळून पाहण्यासारखी आहे. वायू भरायच्या आधी गंधकाम्लाने भिजवलेल्या प्युमिस दगडाच्या नळ्यांतून जाऊ द्यायचा, म्हणजे त्यातला ओलावा शोषला जाईल. काचेचा फुगा एकदा भरून चालत नाही, कारण काचेच्या पृष्ठावर ओल चिकटून असते. फुगा तापवायचा, आतली हवा उपसायची, कोरडी हवा भरायची, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. फुगा तापला की वायूबरोबर काचही थोडी फुगते, तो हिशेब वेगळा मांडायचा. पारासुद्धा उष्णतेने फुगतो, त्यामुळे गरम खोलीतला 760 मिलिमीटर पारा आणि 0 अंशावरचा 760 मिलिमीटर पारा यांचा दाब एक नाही. पाणी नेमकं 100 अंशाला उकळतं हेही गृहीत धरायचं नाही, कारण ते त्या दिवशीच्या हवेच्या दाबावर अवलंबून आहे. पाऱ्याची पातळी तो नुसत्या डोळ्यांनी न वाचता उभ्या दांड्यावर सरकणाऱ्या दुर्बिणीतून वाचत असे.

मोठ्या दाबांसाठी त्याने वीस मीटरहून उंच पाऱ्याचा खांब उभारला. जवळजवळ 30 वातावरणं, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तीसपट, इतका दाब त्यावर थेट वाचता येई. बॉइल चार वातावरणांवर थांबला होता.

आणि एवढं करून त्याला काय दिसलं? बॉइलचा नियम पुरता खरा नाही. हवा, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड हे वायू नियम सांगतो त्याहून थोडे जास्त दाबले जातात. हायड्रोजन उलट, थोडा कमी. सगळे वायू सारखे फुगतात हेही अंदाजापुरतंच खरं. 0पासून 100 अंशापर्यंत दाब कायम ठेवून तापवलं तर हवेचं आकारमान 0.3670ने वाढतं, हायड्रोजनचं 0.3661ने, कार्बन डायऑक्साइडचं 0.3710ने, सल्फर डायऑक्साइडचं 0.3903ने. हे फरक हाताच्या चुकीतून आलेले नव्हते, इतकं त्याचं मोजमाप आता बारीक होतं. प्रत्येक वायूचा स्वतःचा स्वभाव त्यात दिसत होता.

हे फरक पुढे फार कामाचे ठरले. बेलफास्टला टॉमस अँड्र्यूजने कार्बन डायऑक्साइड दाबत नेला आणि 1869 साली सांगितलं की सुमारे 31 अंशांच्या वर कितीही दाबा, त्याचा द्रव होत नाही. 1873 साली व्हॅन डर वाल्सने लायडनच्या प्रबंधात वायूंच्या समीकरणाला दोन दुरुस्त्या मांडल्या: रेणू स्वतः जागा अडवतात, आणि ते एकमेकांना ओढतात. एमील आमागाने तर पाऱ्याची नळी सेंत-एतिएनजवळच्या खाणीच्या विहिरीत सोडली, तीनशे मीटरहून खोल, आणि चारशे वातावरणांपलीकडे गेला.

रेन्योच्या वाट्याला मात्र दुःख आलं. 1870-71च्या युद्धात प्रशियाच्या सैनिकांनी सेव्ह्रमधल्या त्याच्या प्रयोगशाळेतली उपकरणं आणि कागदपत्रं नष्ट केली. 19 जानेवारी 1871 रोजी त्याचा चित्रकार मुलगा आंरी लढाईत मारला गेला. सात वर्षांनी, त्याच तारखेला, रेन्योही गेला.

पण त्याच्या आकड्यांत एक निरीक्षण होतं, ते टिकलं. दाब जसजसा कमी करत जावा, तसतसे सगळ्या वायूंच्या फुगण्याचे आकडे एकमेकांच्या जवळ येतात. वायू विरळ झाला की त्याचा वेगळा स्वभाव मावळतो. 1845मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत शिकायला आलेला विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, याने 1848 साली निरपेक्ष तापमानाची, म्हणजे थंडीच्या तळापासून मोजायची, मोजपट्टी सुचवली, आणि तिचं शून्य कुठे येतं हे काढताना रेन्योचेच आकडे वापरले. आज आपण ते उणे 273.15 अंश सेल्सियस धरतो.

[दृश्य: तांब्याचा पोकळ, जवळजवळ गोल कक्ष. बाजूला वायूच्या नळ्या.]

लंडनजवळ टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत तांब्याच्या अशा एका कक्षात आरगॉन भरला गेला आणि त्यातून जाणाऱ्या आवाजाचा वेग मोजला गेला. दाब पायरीपायरीने उतरवत, शून्य दाबाला वेग किती असेल हे काढलं गेलं. 2013 साली जाहीर झालेल्या त्या मोजमापात बोल्ट्झमान स्थिरांकाची, म्हणजे तापमान आणि रेणूंची ऊर्जा यांना जोडणाऱ्या आकड्याची, अनिश्चितता दहा लाखांत एका भागाहूनही कमी होती. असे आकडे इतर देशांतल्या प्रयोगशाळांतूनही आले. ते सगळे पडताळून 20 मे 2019पासून हा स्थिरांक 1.380649 गुणिले 10चा उणे 23वा घात जूल प्रति केल्विन, असा कायमचा ठरवला गेला, आणि केल्विन या तापमानाच्या एककाची व्याख्या आता त्याच्यावरच उभी आहे.