दिसलेली चाल

रविवार, सकाळचे साडेनऊ. सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीचा दुसरा मजला. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत बुद्धिबळाचे आठ पट मांडलेले. कुणी बोलत नाही. मध्येच घड्याळाचं बटण दाबल्याचा आवाज येतो, तेवढाच.

खिडकीजवळ बारा वर्षांची एक मुलगी दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसली आहे. ही सवय सरांनी लावलेली. चाल सुचली की आधी हात मांडीखाली. कारण सोंगटीला हात लागला की तीच खेळावी लागते.

बुद्धिबळ खेळणाऱ्यांच्या तोंडी एक शब्द सारखा येतो : ‘चाल दिसली’. ‘अरे, घोडा तिथे येतो हे मला दिसलंच नाही!’ पट दोघांसमोर एकच असतो. मग एकाला दिसतं आणि दुसऱ्याला दिसत नाही, असं का?

डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी थेट ग्रँडमास्टरांनाच, म्हणजे बुद्धिबळातला सर्वोच्च किताब मिळवलेल्यांनाच, पटासमोर बसवलं आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगितलं. त्यांचा प्रबंध 1946 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं, की ग्रँडमास्टर चांगल्या हौशी खेळाडूपेक्षा पुढच्या चाली फार खोलवर मोजत नव्हते. पण चांगली चाल त्यांना सुचलेल्या पहिल्या काही चालींतच असायची.

पुढे 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना पट पाच सेकंद दाखवला आणि आठवणीतून मांडायला सांगितला. खऱ्या डावातली मांडणी असली की मास्टर नवशिक्यापेक्षा कितीतरी पुढे. सोंगट्या कशाही विखुरल्या, की ते श्रेष्ठत्व जवळजवळ नाहीसं झालं. म्हणजे स्मरणशक्ती अफाट होती असं नाही, ओळख होती. पहिलीतलं मूल ‘क-म-ळ’ असं जुळवत वाचतं. आपल्याला एकदम ‘कमळ’ दिसतं. तसंच.

ही ओळख यायला वर्षं जातात. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात महिलांची ग्रां प्री स्पर्धा झाली. कोनेरू हंपी आणि चीनची झू चिनर यांचे गुण सारखे झाले, आणि टायब्रेकवर, म्हणजे बरोबरी सोडवण्याच्या निकषावर, हंपी पहिली आली. हंपी 2002 मध्ये ग्रँडमास्टर झाली होती. झू चिनर जन्मली तीही 2002 मध्येच.

आता पुन्हा खिडकीजवळ येऊ या. महिन्यापूर्वी याच पटावर ही मुलगी हरली होती. काळ्याचा राजा किल्लेकोटात, म्हणजे हत्तीच्या आडोशाला कडेला, त्याच्यापुढचं एच-7 चं प्यादं (पटावरच्या घरांना अशी अक्षर-आकड्यांची नावं असतात), आणि हिचा उंट नेमका त्याच तिरप्या रेषेवर. उंटाचा बळी द्यायचा, घोड्यानं शह द्यायचा, वजीर एच-5 वर आणायचा. शेकडो वर्षांपासून खेळला जाणारा हल्ला. तिला तो दिसला आणि तिनं त्याच क्षणी उंट उचलला. पण काळ्याच्या उंटाची वाट मोकळी होती. तो एफ-5 वर आला, एच-7 वर पहारा बसला आणि मात हुकली.

सर रागावले नाहीत. म्हणाले, “अगं, दिसली ते बरोबरच दिसली. पण दिसली ती तपासायची.” मग दोघांनी तो डाव अख्खी संध्याकाळ हातानं मांडून पाहिला. कॉम्प्युटर बंद होता.

मला हे फार मोलाचं वाटतं. हल्ली डाव संपायच्या आत पालकांच्या मोबाइलवर उत्तर तयार असतं. मुलाला चूक कळते, पण ती अंगात मुरत नाही. आणि यंत्राचीच गोष्ट घ्या. 1997 मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासायचा. वीस वर्षांनी आलेला अल्फाझीरो हा प्रोग्रॅम सेकंदाला ऐंशी हजारच पाहायचा, तरी सात कोटी पाहणाऱ्या स्टॉकफिश या दुसऱ्या प्रोग्रॅमकडून शंभर डावांत एकदाही हरला नाही. त्याला फक्त खेळाचे नियम दिले होते. बाकी सगळं तो स्वतःशी लाखो डाव खेळून शिकला. कुठे बघायचं, हे त्याला त्या डावांनी शिकवलं.

आज तिच्या पटावर तीच रेषा पुन्हा उघडली आहे. उंट, घोडा, वजीर, सगळे जागेवर. तिच्या डोळ्यांत ते लगेच दिसतं. पण हात मांडीखालीच आहेत. नजर काळ्याच्या उंटाकडे जाते. या वेळी ई-6 वर प्यादं आहे, त्याची वाट बंद. मग राजा जी-6 वर चालत आला तर? घोड्याला जी-5 वर आधार कोणाचा? घड्याळातली चार मिनिटं जातात.

उजवा हात बाहेर येतो. उंटाला स्पर्शही न करता ती कडेचं एच-प्यादं दोन घरं पुढे सरकवते. घोड्याला आधार आधी.

बटण दाबते, चाल लिहिते, आणि हात पुन्हा मांडीखाली.