काँग्रेसमनने "इतके मिलियन आणले" म्हणजे नक्की काय झालं?

नमस्कार मंडळी! इलेक्शनचं वारं सुटलंय, मेलबॉक्स चकचकीत फ्लायरनी भरतोय आणि कमेंटमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, की ताई, आमचा काँग्रेसमन म्हणतो मी डिस्ट्रिक्टमध्ये इतके मिलियन आणले, समोरचा म्हणतो याने तुमच्यावर टॅक्स लादला, खरं कोणाचं धरायचं? आज त्यावरच बोलू. उदाहरण घेऊ न्यू जर्सीच्या सातव्या डिस्ट्रिक्टचं, म्हणजे हंटरडन, वॉरेन आणि सॉमरसेट, मॉरिस, ससेक्स, युनियन या काउंटींचे काही भाग. इथे 2022 ला रिपब्लिकन टॉम कीन ज्युनियरनी डेमोक्रॅट टॉम मालिनोव्स्कींना हरवलं, 2024 ला डेमोक्रॅट सू ऑल्टमनना. दोन्ही पक्ष इथे पाण्यासारखा पैसा ओततात.

बेसिक पटकन. हाऊस म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं, काँग्रेसचं, खालचं सभागृह, आणि काँग्रेसमन म्हणजे तिथला खासदार. हाऊसमध्ये 435 जण, दर दोन वर्षांनी निवडणूक. 2024 च्या आर्थिक वर्षात फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, खर्च साधारण 6.8 ट्रिलियन डॉलर, जमा 4.9, उरलेलं कर्ज. यातला बहुतेक पैसा सोशल सिक्युरिटी (पेन्शन), मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्य विमा), मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा आरोग्य विमा) आणि कर्जावरचं व्याज यात आपोआप जातो. दरवर्षी मतं घेऊन वाटायचा भाग चौथ्या हिश्श्याच्या आसपास, आणि त्यातला जवळपास निम्मा संरक्षणाला.

आता मुद्द्याचं, हे नीट ऐका. पैसे मागितले, मंजूर झाले, करार झाला आणि हातात पडले, या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. फ्लायरवर चारही पायऱ्यांना "आणले" असंच छापतात आणि मला याचा खरंच संताप येतो, कारण तुम्ही आम्ही त्यावर मत ठरवतो.

पुण्याहून एका काकांनी विचारलंय की यांनाही आपल्यासारखा खासदार निधी असतो का. नाही काका. आपल्याकडे खासदाराला वर्षाला 5 कोटींची कामं सुचवता येतात, इथे असा ठरलेला निधीच नाही. इथे आहेत इअरमार्क्स, म्हणजे बजेटमध्ये ठराविक स्थानिक कामाच्या नावाने राखलेला पैसा. 2011 ला बंद केले होते, 2021 ला परत आणले. हाऊसच्या मेंबरने ठराविक प्रोजेक्ट मागायचे, 2024 ला जास्तीत जास्त 15, आणि ती यादी स्वतःच्या वेबसाईटवर टाकायची. 2024 च्या वसंतात सगळ्यांनी याद्या टाकल्या, उन्हाळ्यात कमिटीने बरेचसे पास केले, लगेच प्रेस रिलीज निघाली, पोलीस स्टेशन, पाण्याची पाईपलाईन, फोटो बिटो सगळं झालं. आणि मार्च 2025 मध्ये पूर्ण वर्षाचं कंटिन्युइंग रिझोल्यूशन, म्हणजे नव्या बजेटऐवजी जुनाच खर्च पुढे चालू ठेवणारा कायदा, आलं त्यात एकही इअरमार्क नव्हता. रिपब्लिकनचा नाही, डेमोक्रॅटचा नाही. टाउनशिपला डॉलर मिळाला नाही, पण फ्लायर कोणी परत घेतले? म्हणजे मागितले हो, कमिटीत पास हो, मिळाले नाहीत.

बरं, हे झालं छोट्या कामांचं. मोठं बघा, गेटवे, म्हणजे न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमधला हडसन नदीखालचा रेल्वे प्रोजेक्ट. हडसनखालचे रेल्वेचे बोगदे 1910 चे, 2012 ला सँडी वादळात खारं पाणी शिरलं, आणि आपली अर्धी मंडळी रोज त्यातूनच न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला जाते. नवा बोगदा आणि जुन्याची दुरुस्ती मिळून 16 बिलियनचं काम. 2021 च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्याने वाट मोकळी केली, जुलै 2024 ला 6.88 बिलियनचा फेडरल करार झाला. करार म्हणजे तिसरी पायरी, बरोबर? तरी 1 ऑक्टोबर 2025 ला, बजेट मंजूर न झाल्याने सरकारी कामकाजाचा शटडाऊन सुरू झाला त्याच दिवशी, व्हाईट हाऊसने न्यूयॉर्कचे मोठे प्रोजेक्ट धरून 18 बिलियन अडकवल्याचं जाहीर केलं. असं कसं अडकवता येतं? तर फेडरल पैसा बहुतेक वेळा आधी येतच नाही. आधी खर्च करा, बिल पाठवा, मग भरपाई. बिल थांबलं की कॉन्ट्रॅक्टरचं पेमेंट अडतं.

आणि तिसरं, हे विसरूच नका. याच नदीखाली आधी एआरसी नावाचा बोगदा होणार होता, 2009 ला काम सुरू झालं, फेडरलचे 3 बिलियन ठरलेले, आणि 2010 ला न्यू जर्सीचे गव्हर्नर क्रिस्टींनी राज्यावर खर्च वाढेल म्हणून काम रद्द केलं. पुढे न्यू जर्सीलाच 95 मिलियन परत द्यावे लागले. तेव्हा वॉशिंग्टन द्यायला तयार होतं आणि ट्रेंटनने, म्हणजे न्यू जर्सीच्या राज्य सरकारने, हात वर केले. एका काँग्रेसमनच्या हातात किती असतं ते बघा.

आता नोकऱ्या. गेटवेचा 95,000 नोकऱ्यांचा आकडा तुम्ही ऐकला असेल. त्यात बोगदा खणणारे आहेत, स्टील पुरवणारे आहेत आणि त्यांच्या पगारावर चालणारी दुकानंही आहेत, तेही अख्ख्या कामाच्या वर्षांमध्ये पसरलेले. खोटा नाही आकडा, पण उद्या सकाळी सॉमरसेटमध्ये 95,000 लोक कामाला लागणार असा त्याचा अर्थ नाही. उमेदवाराला विचारा, कुठल्या कामावर, किती वर्षं, माझ्या काउंटीत किती.

टॅक्सकडे येते, कारण "घरपट्टी कमी करू" असं म्हणणारे काँग्रेसचे उमेदवार मला अजिबात पटत नाहीत. घरपट्टी टाउनशिप, काउंटी आणि शाळा ठरवतात, आणि आपल्या राज्यात ती सरासरी वर्षाला 10,000 डॉलरच्या घरात आहे, देशात सगळ्यात जास्त. काँग्रेसच्या हातात फक्त सॉल्ट आहे, म्हणजे राज्याचा आणि गावाचा टॅक्स फेडरल उत्पन्नातून किती वजा करायचा ते. 2017 च्या कायद्याने 10,000 ची मर्यादा घातली, जुलै 2025 च्या कायद्याने 2025 साठी ती 40,000 केली, 2030 ला परत 10,000. हाऊसमध्ये तो कायदा 218 विरुद्ध 214 ने पास झाला, कीन यांचं मत बाजूने होतं, त्यामुळे ते हे सांगणारच, सांगू देत. त्याच कायद्यात मेडिकेडची कपात आहे, ते विरोधक सांगणार.

पण तुमच्या घरात काय? समजा नवराबायको दोघं कमावते, घरपट्टी 14,000, स्टेट टॅक्स 11,000, घराच्या कर्जाचं व्याज 12,000. अशा खर्चांची बेरीज किंवा सगळ्यांना मिळणारी ठरलेली वजावट, म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन, यातलं जास्त असेल ते घेता येतं. जुन्या मर्यादेत 10 अधिक 12, बावीस हजार, म्हणजे स्टँडर्ड डिडक्शनच परवडायचं. आता पूर्ण 25 अधिक 12, सदतीस हजार. 2025 चं स्टँडर्ड डिडक्शन 31,500, फरक 5,500, आणि 24 टक्के टॅक्सच्या ब्रॅकेटमध्ये असाल तर वाचले 1,320 डॉलर. भाड्याने राहणाऱ्या बहुतेकांना यातून काहीच नाही. उत्पन्न साधारण 5 लाख डॉलरच्या वर गेलं की ही सवलतही आटत जाते.

"आम्ही एच-वन व्हिसावाले, आम्हाला मत नाही, आम्ही कशाला बघू" अशा कमेंट्स येतात. अहो, टॅक्स तुम्हीही भरता, त्याच बोगद्यातून जाता, आणि काँग्रेसमनच्या टाउन हॉल सभेत प्रश्न विचारायला कोणी अडवत नाही. मला तर वाटतं तुम्हीच जास्त विचारायला हवं.

तर तुमच्या डिस्ट्रिक्टमधला कुठला दावा तपासायचाय तो कमेंटमध्ये टाका, फ्लायरवरचा आकडा आणि कामाचं नाव लिहा, कोणत्या पायरीवर आहे ते शोधू. यूएसए स्पेंडिंग डॉट गव्ह ही सरकारी साईट आहे, तिथे काउंटीनुसार शोधता येतं, पुढच्या व्हिडिओत स्क्रीन शेअर करून तेच दाखवते.