परत आलेलं पुस्तक

(लाकडी ट्रे. दोन बोटं तिकिटं चाळताहेत.)

ही वाचक-तिकिटं जरा जवळून पाहा. जाड कागद घडी घालून कडेनं चिकटवलेला, म्हणजे खरं तर छोटा खिसाच. त्यावर वाचकाचं नाव. कडा हाताळून हाताळून मऊ झालेल्या. पुस्तकाचं कार्ड वेगळं, ते पुस्तकातच असायचं. पुस्तक घरी न्यायचं म्हटलं की देवघेवीच्या टेबलावर ते कार्ड बाहेर निघायचं आणि वाचकाच्या या खिशात जाऊन बसायचं. पुस्तकातल्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का, आणि खिसा त्या तारखेमागे ट्रेमध्ये उभा.

(शिक्का उमटतो. नंतर तेच हात, पुस्तक परत घेताना.)

आता परतीचा प्रवास बघा. तारखेवरून खिसा शोधला, कार्ड काढलं, पुस्तकात ठेवलं. रिकामं तिकीट वाचकाच्या हातात. झालं. या माणसानं हे पुस्तक वाचलं होतं, याची खूण टेबलावर कुठेच उरली नाही.

अमेरिकन ग्रंथपाल नीना ब्राउन यांच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते. न्यूअर्क ही देवघेवीची दुसरी पद्धत, तिच्यात तसं नव्हतं. तिथे पुस्तकाच्या कार्डावर वाचकाचा क्रमांक लिहीत, एकाखाली एक. पुस्तक परत आलं तरी क्रमांक तिथेच.

आजच्या ग्रंथालयाला विचारायचं ते एवढंच : तुमचा संगणक यातल्या कोणत्या टेबलासारखा वागतो?

(आरएफआयडी टॅग, अगदी जवळून.)

मलपृष्ठाच्या आतला हा आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींवरून पुस्तकाची ओळख सांगणारी पट्टी. धातूच्या बारीक रेघेची वेटोळी आणि तिळाएवढी चिप. बॅटरी नाही. रीडर, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राजवळ नेलं की त्याच्याच लहरींवर चिप जागी होते, १३.५६ मेगाहर्ट्‌झवर, आणि आपला क्रमांक सांगते. म्हणून तर पाच-सहा पुस्तकं एकावर एक ठेवली तरी एका दमात नोंदली जातात. टॅगमध्ये पुस्तकाचा क्रमांक पुरे. वाचकाचं नाव तिथे येताच कामा नये.

(मोबाइलच्या पडद्यावर सरकणारी पानं.)

ई-पुस्तकाला ना खिसा, ना शिक्का. ते वाचकापर्यंत पोचतं ते बाहेरच्या कंपनीच्या अॅपमधून. अडोबी डिजिटल एडिशन्स हे त्यातलंच एक. कोणतं पुस्तक उघडलं, कोणती पानं वाचली, ही माहिती त्याच्या चौथ्या आवृत्तीतून कंपनीच्या सर्व्हरकडे जात होती, तीही एन्क्रिप्शनशिवाय, वाटेत कुणालाही वाचता येईल अशी. २०१४ साली हे उघडकीला आलं. पुढच्या आवृत्तीत एन्क्रिप्शन आलं.

साठवलेली नोंद कुणीतरी मागायला येतंच. २००५ साली अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ग्रंथालयांच्या एका संस्थेकडे एफबीआयनं संगणक वापरल्याची माहिती मागितली, वर कुठे वाच्यता न करण्याचा हुकूम. संस्थेतले चौघे कोर्टात गेले. २००६ मध्ये मागणी मागे घेतली गेली.

(संगणकाचा पडदा. वाचकाचं खातं उघडतंय.)

ही कोहा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयांसाठी बनलेली, २००० सालापासून वापरात असलेली, ग्रंथालयाचं कामकाज सांभाळणारी मुक्त संगणक-प्रणाली. वाचकाच्या खात्यातलं हे खाजगीपणाचं पान बघा. वाचनाची नोंद कायम ठेवा. ग्रंथालयानं ठरवलेल्या मुदतीपर्यंत ठेवा. कधीच ठेवू नका. तिसरा पर्याय निवडला, की पुस्तक परत आल्यावर ती देवघेव वाचकाच्या नावावरून निघते आणि एका निनावी सदस्याच्या खात्यात जाते. पुस्तक किती वेळा बाहेर गेलं, हे ग्रंथालयाला कळतं. नवी प्रत घ्यायची की नाही, हे ठरवायला तेवढं पुरतं. कोणाकडे गेलं होतं, ते पुसलेलं असतं. पुस्तक बाहेर असेपर्यंत मात्र नोंद हवीच, नाहीतर ते परत मागायचं कुणाकडे?

फक्त हे पान वाचकाला दिसू द्यायचं की नाही, ते ग्रंथालय ठरवतं. कृपा करून दिसू द्या.

(कर्सर तिसऱ्या पर्यायावर. नंतर परतीचं टेबल.)

पर्याय निवडला. आता पुस्तक रीडरवर ठेवू. पडद्यावर ‘परत मिळालं’ असं आलं. वाचकाचं खातं पुन्हा उघडलं.

यादी रिकामी आहे.