इथल्या इथे

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, गणेशोत्सवाच्या मंडपात एका मोटरसायकल मेकॅनिकनं केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मंडळाची पोरं बोलवायला आली तेव्हा मी म्हटलं, बाबांनो, मला पाना धरता येतो, माइक नाही. या मंडपात कीर्तन होतं, फार तर ऑर्केस्ट्रा होतो. पण पोरं ऐकेनात. म्हणाली, काका, गाडी तुम्ही पाहिली, तुम्हीच सांगा.

ज्याच्याबद्दल बोलायचं तो याच मंडळाचा पोरगा, मोटरसायकलवरून पडून गेलेला. नाव घेत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याचे बाबा समोर बसले आहेत. त्यांना विचारूनच उभा राहिलो.

पोलिसांकडून सुटली आणि तेरवी आटोपली, मग गाडी माझ्याकडे आली. मालवाहू ऑटोत टाकून आणली होती. मी चहूबाजूंनी फिरून पाहिली. डावा इंडिकेटर तुटलेला, क्लच लिव्हर वाकलेलं, डावं फूटरेस्ट वर वळलेलं, टाकीवर एक ओरखडा. संपलं. चाकं सरळ, शॉकअप सरळ, हेडलाइटची काच शाबूत. दुसऱ्या किकला सुरू झाली. बाराशे रुपयांचं काम. मी ट्रकखाली चेंदामेंदा झालेल्या गाड्या खोलल्या आहेत, तेव्हा हात थरथरला नाही. या गाडीसमोर मात्र बराच वेळ नुसता बसून राहिलो. कारण गाडी एवढीच पडली असेल तर माणूस कोपर झटकतो, दोन शिव्या देतो आणि घरी जातो.

हेल्मेट मागच्या कॅरिअरला दोरीनं बांधलेलं होतं. त्यावर धूळ होती, ओरखडा नव्हता.

कापूस वेचणीचे दिवस. वेचणाऱ्या बायांसाठी पाण्याची कॅन घेऊन वावरात निघाला होता. घरापासून अडीच किलोमीटर. आईनं दारातून आवाज दिला होता, टोपी घाल म्हणून. तो काय म्हणाला असेल ते तुम्हाला माहीत आहे, कारण आपण सगळेच तेच म्हणतो: ‘इथल्या इथंच त जाचं हाय व माय!’

पांढरकवड्याला जायचं असलं की हेल्मेट डोक्यावर चढतं. का, तर तिथं ४४ नंबरचा हायवे लागतो, पोलीस उभे असतात. वावराचा रस्ता आपण रस्ताच मानत नाही. तो आपला, लहानपणापासून पायाखालचा. पण गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्या रस्त्यावर गिट्टी पडली, आणि तेव्हापासून तो पायाखालचा राहिला नाही.

गिट्टीचं काम कसं असतं? आधी मोठी गिट्टी पसरायची, रोलर फिरवायचा. मग बारीक चुरी आणि मुरूम टाकून पाणी मारायचं, पुन्हा दबाई. तेव्हा दगडात दगड अडकून बसतो. पाणी कमी पडलं, रोलर घाईत फिरला, की गिट्टी सुटी राहते आणि वरचं डांबर येईपर्यंत हंगाम निघून जातो. (ठेकेदाराला शिव्या द्यायला वेगळी सभा घ्या. मी येतो, सगळ्यात पुढं बसतो.)

आता त्या रस्त्यावर उद्या जाल तेव्हा एक गोष्ट नीट पाहा. ट्रॅक्टरच्या चाकांनी गिट्टी बाजूला फेकून दोन पट्टे साफ केले आहेत. दोन पट्ट्यांच्या मध्ये सुट्या दगडांचा वरंबा तयार झाला आहे, वीतभर उंच. आपण मोटरसायकलवाले एक साफ पट्टा धरतो आणि डांबरावर असल्यासारखे पळतो. अडचण तेव्हा येते जेव्हा पट्टा सोडावा लागतो. त्या दिवशी समोरून कापसाची ट्रॉली आली. त्यानं वरंबा तिरपा ओलांडला आणि ओलांडताना पुढचा ब्रेक दाबला. ट्रॅक्टरवाला सांगतो, गाडी काही जोरात नव्हती, चाळीस असेल. माझाही अंदाज तोच आहे.

आता जे सांगतो ते मी अजून घरीसुद्धा बोललो नाही. पुढचा ब्रेक वापरायला त्याला मीच शिकवलं होतं. तो नुसता पायाचा ब्रेक मारायचा, मागचा लायनर खाऊन टाकायचा. मी त्याला दुकानात दहादा टोकलं होतं, अरे, ब्रेक मारला की वजन पुढं जातं, गाडी खरी पुढच्या चाकावर थांबते, हाताचा ब्रेक धरत जा. ते चूक नव्हतं. डांबरावर आजही तेच सांगीन. पण गिट्टीचं मी बोललो नाही. विचारही आला नाही.

चाक फिरतं तोवर हॅण्डलचं ऐकतं. जाम झालं की दगडांवर घसरतं, मग हॅण्डल कुठंही वळवा, गाडी तिकडे जात नाही. मागचं चाक घसरलं तर गाडी शेपूट हलवते, सावरायला थोडा वेळ मिळतो. पुढचं घसरलं की डोळा मिटायच्या आत माणूस खाली. वरंब्यावर तर टायरला धरायला काहीच नसतं.

म्हणून गिट्टीवर ब्रेक आधी मारायचा, पट्ट्यात असतानाच, सरळ असताना. पायाचा जास्त, हाताचा नावापुरता. वरंबा ओलांडायचाच असला तर वेग उतरवून, हॅण्डल आवळून न धरता, ब्रेकवरचं बोट काढून. आणि ट्रॉली दिसली तर चक्क थांबा. ती निघून जाते, धुरळा बसतो, मग जा. ब्रेक लागल्यापासून सुट्या गिट्टीवर थांबायला डांबराच्या साधारण दुप्पट अंतर लागतं. वेग तिसाचा साठ झाला की तेच अंतर चौपट होतं, दुप्पट नाही. यात कोणाचा हात बसला आहे असं म्हणून चालत नाही.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत पाय दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. पोरं येतात, काका हे काढून टाका. मी काढत नाही. उगाच भांडू नका.

डोक्याचं सांगतो. उभ्या माणसाचं डोकं साधारण दीड मीटरवरून जमिनीवर आदळलं, तर आदळताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. हे गाडी उभी असतानाचं आहे, आणि खाली गिट्टी आहे, गादी नाही. हेल्मेटच्या आतलं थर्मोकोल स्वतः दबतं आणि तो मार खातं. एकदा दबलं की संपलं, ते हेल्मेट फेकून द्यायचं. आयएसआयचा शिक्का पाहून घ्या. १ जून २०२१ पासून शिक्का नसलेलं विकायलाच बंदी आहे, तरी बाजारात टोपल्या मिळतात. आणि पट्टा लावा. बिनपट्ट्याचं हेल्मेट माणसाच्या आधी जमिनीवर पोचतं.

पडल्यावर ज्यांनी त्याला उचललं त्यांच्याबद्दल माझ्या मनात वाकडं एक अक्षर नाही. घाबरलेल्या माणसाला जे सुचतं ते त्यांनी केलं. फक्त पुढच्यासाठी सांगतो: बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, ते फुफ्फुसात जातं. हातपाय धरून उचलू नका. मान मोडलेली असू शकते, डोकं आणि पाठ एका रेषेत ठेवा. उलटी होत असेल तर डोकं सांभाळून सगळं अंग एकदम कुशीवर वळवा. आधी १०८ लावा. पोलिसांच्या लफड्याची भीती असेल तर ती आता धरू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ सालीच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीत ते मोटार वाहन कायद्यातच आलं, कलम १३४ अ. नाव सांगायचीही सक्ती नाही. २०२५ पासून जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत बिनपैशाच्या उपचाराची योजनाही आहे.

त्याचे बाबा गाडी घ्यायला आले तेव्हा मला वाटलं, विका म्हणतील. त्यांनी हॅण्डलवरून हात फिरवला आणि विचारलं, ‘थे वाकलेलं लिव्हर कुठं ठेवलं?’ मी दिलं. त्यांनी ते गमछ्यात गुंडाळलं. आता तीच गाडी ते वावरात नेतात, हेल्मेट घालून. पहिल्या दिवशी धुऱ्यावरच्या बाया हसल्या म्हणे.

बरं, उशीर झाला, आरती राहिली आहे. उद्या सकाळी सहापासून मी शाळेसमोर बसतो. हवा, लायनर, टायर पाहून देईन, हाताचा ब्रेक किती दाबला की चाक जाम होतं ते तुमच्याच गाडीवर, गिट्टीवर चालवून दाखवीन. पाहायचे पैसे नाहीत, केबल बदलायची निघाली तर केबलचे घेईन. पहिला नंबर बाबांच्या गाडीचा, त्यांना लवकर वावरात जायचं असतं.