आकाशकंदिलाच्या कामट्या आणि फोमचं विमान

(दादरच्या एका सभागृहात पालक आणि मुलांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, टेबलावर हे जे पांढरं धूड पडलंय ते रिमोटवर उडवायचं माझं पहिलं विमान. भाषण संपलं की उचलून बघा. हे एकदाही उडलेलं नाही.

चूक अगदी साधी होती. पाटीवाल्याकडून पीव्हीसीचा सनबोर्ड आणला. गुळगुळीत, कटरने छान कापला जाणारा, आणि सगळे त्याला फोमशीटच म्हणतात. पंख, अंग, शेपूट, सगळं त्यातच कापलं. मोटर बसवली, बॅटरी बसवली आणि शाळेच्या मैदानात हाताने फेकलं. चार पावलांवर नारळ पडावा तसं पडलं. सातवीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, आधी वजन केलं होतं का?" नव्हतं केलं. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी!

घरी जाऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर दीड किलो भरलं. आता गणित बघा. पंख १२० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद. असं विमान ७०० ग्रॅमचं असेल तर ताशी साधारण २४ किलोमीटर वेगाला ते हवेत तग धरतं. म्हणजे थोडं धावून फेकलं की झालं. वजन दीड किलो झालं की तोच आकडा ३५ वर जातो. लागणारा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, तुमच्या खांद्यातला जोर काही वाढत नाही.

म्हणून आमच्याकडे आता आधी काटा, मग कटर. तीन सेलची २२०० एमएएचची लायपो बॅटरी १८० ग्रॅमच्या आसपास. २२१२ आकाराची हजार केव्हीची, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला हजार फेरे घेणारी मोटर पन्नासेक ग्रॅम. मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ३० अँपिअरचा ईएससी पंचवीस ग्रॅम, शेपटीवरच्या पट्ट्या हलवणाऱ्या नऊ-नऊ ग्रॅमच्या दोन छोट्या मोटरी म्हणजे सर्व्हो, रिमोटचा संदेश पकडणारा रिसिव्हर, मोटरवरचा पंखा, वायरी. हे तीनशे ग्रॅम तुमच्या हातात नाहीत, लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात शिरलात तरी. उरलेल्या चारशेत फोम, गोंद आणि लाकूड बसवायचं. खरी कारागिरी त्या चारशेत आहे.

फोम घ्यायचा तो पॉलिस्टायरीनचा, म्हणजे थर्माकोलच्याच जातीचा, पाच मिलिमीटर जाडीचा, बोटाने दाबला तर दबणारा. तोही एकटा वाकतो, म्हणून पंखात आडवा कणा लागतो. परदेशी व्हिडिओंत कार्बनची नळी दाखवतात. मी आकाशकंदिलाच्या कामट्या वापरते. दिवाळीनंतर चाळीतले कंदील उतरले की त्यातल्या सरळ कामट्या काढून ठेवायच्या. दोन कामट्या, मध्ये फोमची पट्टी, वर कागदी टेप. सर्व्होपासून शेपटीपर्यंत जाणारी तार म्हणजे मोडक्या छत्रीची काडी. शेपटीवरच्या सुकाणूला ती तार जोडायची शिंगं, म्हणजे छोटे खुंट, बाद झालेल्या एटीएम कार्डाचे. कंजूषपणा आहे का? आहे. पण विमान पडलं की रडू येत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

गोंदाबद्दल एकच सांगते. झटकन चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेटचा गोंद थर्माकोल खातो, डोळ्यांदेखत भोक पडतं. ग्लू गन चालते, पण जरा थंड होऊ द्या, आणि हात आखडता ठेवा. सगळं वजन तिथूनच चोरपावलांनी शिरतं.

आमच्या मजल्यावर एक काका गणपतीचे मखर करायचे. २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात बंदी आली आणि ते पुठ्ठ्याकडे वळले. पण विजेवर तापणारी नायक्रोमची तार ताणलेलं, थर्माकोल कापायचं त्यांचं धनुष्य माळ्यावर होतं. टीव्हीच्या खोक्यातला ठोकळा घेऊन आम्ही गेलो. काका म्हणाले, "ढकलायचं नाही. तार आपल्या वजनाने उतरली पाहिजे. लाल दिसली तर जास्त तापलीय." खिडकी उघडी ठेवायची, धूर नाकात घ्यायचा नाही. कमानींच्या नक्षीत त्यांनी आयुष्य घालवलं, पंखाची पुढची गोलाई त्यांना पहिल्याच फटक्यात जमली. मला चार ठोकळे लागले.

धनुष्य नसेल तर सोपा उपाय आहे. सपाट पंखाच्या पुढच्या अर्ध्या भागावर फोमची दुसरी पट्टी चिकटवायची, मध्यावर पायरी तयार होते. क्लाइन आणि फोगलमन या दोघा अमेरिकनांच्या नावाने ही पायरी ओळखली जाते. तिची सुरुवात कागदी विमानातून झाली. मोठ्या विमानांनी ती घेतली नाही, फोमवाल्यांनी मात्र उचलून धरली, कारण पंख ताठही होतो.

पहिल्या विमानाला एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या पट्ट्या, नकोत. मुलांना लढाऊ विमानच हवं असतं, मी स्पष्ट नाही म्हणते. पंख अंगाच्या वर हवा आणि दोन्ही टोकं उचललेली हवीत. एक बाजू टेबलावर सपाट ठेवली की दुसऱ्या बाजूचं टोक १२ सेंटिमीटर वर आलं पाहिजे. का? तुम्ही फक्त मागचं सुकाणू डावीकडे वळवता. नाक डावीकडे जातं, उजवा पंख पुढे येतो. टोक उचललेलं असल्यामुळे त्या पंखाला वारा जास्त कोनातून भिडतो, उचल वाढते आणि अख्खं विमान डावीकडे कलतं. कललं की वळतं. रिमोटच्या काठ्या सोडल्या की बहुतेक वेळा हळूहळू स्वतःच सरळ होतं. आपल्या चुकांना सवलत देणारं विमान ते हेच.

आता तोल. पतंग एका बाजूला झुकला की दुसऱ्या बाजूला चिंधी बांधतो, हे इथल्या प्रत्येकाने गच्चीवर केलंय. इथे तोल पुढे-मागे बघायचा. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर, म्हणजे आपल्या पंखात पाच ते सहा सेंटिमीटरवर दोन ठिपके काढा आणि तिथे बोटं टेकवून विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं तर उत्तम. शेपूट खाली गेली तर फेकूच नका. तसं विमान नाक वर करतं, वेग गमावतं, आणि तुम्ही जितकं सावरता तितकं जास्त बिघडतं. शेपटीवर दहा ग्रॅम जास्तीचा गोंद ६० सेंटिमीटर मागे असेल तर तो फेडायला २० सेंटिमीटर पुढे तीस ग्रॅम लागतात. शिसं भरू नका, बॅटरी पुढे सरकवा. म्हणून तिची जागा सगळ्यांत शेवटी पक्की करायची.

उडवायचं कुठे? शिवाजी पार्क नाही, चौपाटी नाही, सोसायटीची गच्ची तर नाहीच. २०२१ चे ड्रोन नियम रिमोटच्या विमानांनाही लागू आहेत. उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यातच ते ठेवावं लागतं, आणि डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर विमानतळाभोवतीचा मोठा पट्टा लाल आहे. शिवाय शहरात अशा उपकरणांवर पोलिसांचे मनाई आदेश निघत असतात. मुंबईत विमान बांधायचं, उडवायचं बाहेर. नकाशा बघून, मालकाला विचारून आम्ही मुरबाडकडे जातो, भातकापणी झाल्यावर. पहाटे वारा पडलेला असतो आणि पेंढ्यावर पडलं तर नाक शाबूत राहतं.

बॅटरीत दहाएक मिनिटांचं उड्डाण असतं. पहिल्या वेळी दोन पुरे, हात थरथरतात. विमान तुमच्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं. तेव्हा विचार करत बसू नका. जो पंख खाली गेलाय त्याच्या बाजूला काठी ढकला. हे आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर गिरवा, तिथे फोम लागत नाही.

बाकी प्रश्न नंतर घेऊ. हे उरलेल्या तुकड्यांतून कापलेलं वीतभर विमान आहे, नाकाला रुपयाचं नाणं चिकटवलंय. एकदा नाण्यासकट फेकते, एकदा काढून. बाळा, तो पंखा बंद कर, आणि पहिल्या दोन रांगांनी चष्मे सांभाळा.