गाळा भाड्याने देणे आहे

(पडद्यावर: बंद दुकानाची काच, कॅमेरा हळूहळू जवळ जातोय)

जरा थांबा, लगेच पुढे जाऊ नका, ही काच नीट बघा. आतून जुने पेपर चिकटवलेत, त्यातल्या एकाचा कोपरा सुटून लोंबतोय, आणि त्या फटीला डोळा लावला की आतलं दिसतं. रिकामे रॅक, भिंतीवरचा आरसा अजून तसाच, ट्रायल रूमचा पडदा दोन रिंगांवर अडकून तिरका झालाय. दाराच्या फटीतून आलेली टपालं आत फरशीवर साठलीत, वरची नवीन, खालची पार धुळीने माखलेली. दुकानाची पाटी उतरवून नेलीये पण अक्षरं जिथे ठोकली होती तिथल्या भिंतीला ऊन कधी लागलंच नाही, म्हणून तेवढा रंग गडद राहिलाय आणि दुकानाचं नाव अजूनही वाचता येतं. आणि काचेच्या मधोमध एक कागद, गाळा भाड्याने देणे आहे. तो कागदसुद्धा आता पिवळा पडलाय.

असे गाळे आज जगातल्या कित्येक शहरांच्या मध्यवर्ती बाजारात आहेत, एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा. जपानमध्ये तर अशा रस्त्यांना नावच पडलंय, शटरची गल्ली, म्हणजे दोन्ही बाजूंना फक्त खाली ओढलेली शटरं.

आता कोणालाही विचारा हे कशाने झालं, उत्तर ठरलेलं, ऑनलाइनने खाल्लं. मला हे उत्तर अपुरं वाटतं, आणि नुसतं अपुरं नाही तर घातक वाटतं, कारण एकदा ऑनलाइनने मारलं असं म्हटलं की मग कोणाला काही करायचं उरतच नाही, हात वर केले की झालं. म्हणून आज एकाच दुकानाची गोष्ट धरून जाऊया.

(पडद्यावर: डेट्रॉइट, वुडवर्ड अॅव्हेन्यू, जुने फोटो)

हडसन्स. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या मधोमध, वुडवर्ड अॅव्हेन्यूवर उभं असलेलं डिपार्टमेंट स्टोअर, म्हणजे एकाच छताखाली सगळं मिळणारं मोठं दुकान. एक दुकान, आणि त्याची इमारत पंचवीस मजली, एकेकाळी हे जगातलं सगळ्यात उंच डिपार्टमेंट स्टोअर होतं. अशा दुकानांची सुरुवात त्याच्या बरीच आधी, पॅरिसला बाँ मार्शे नावाचं दुकान 1852 नंतर वाढलं तिथपासूनची. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली, घासाघीस नाही, आणि काही न घेता नुसतं फिरून आलात तरी कोणी हटकणार नाही. आज यात काय विशेष असं वाटेल, पण त्या काळातल्या बाईला घराबाहेर एकटीने अख्खा दिवस काढता येईल, बसता येईल, चहा घेता येईल, बाथरूमला जाता येईल अशी जागा शहरात होती कुठे? ती या दुकानांनी दिली. आणि ट्राम, बस, रेल्वे सगळ्या लाइन शहराच्या मध्यात येऊन मिळायच्या, त्यामुळे कुठूनही निघालात तरी मध्यावर पोचणं सोपं, म्हणून गिऱ्हाईकही तिथेच आणि दुकानंही तिथेच, सगळा जमाखर्च त्या एका गोष्टीवर उभा होता.

हे सगळं गोड गोड होतं असंही नाही, आणि ते न सांगता पुढे जाणं मला पटत नाही. याच अमेरिकेत, ग्रीन्सबोरो नावाच्या गावात, 1 फेब्रुवारी 1960 ला चार कृष्णवर्णीय कॉलेजची पोरं वूलवर्थ दुकानाच्या लंच काउंटरवर, म्हणजे दुकानातल्याच खाण्याच्या जागेवर, जाऊन बसली. दुकानात त्यांचे पैसे चालत होते, काउंटरवर बसणं चालत नव्हतं. ऑर्डर घेतली नाही तरी ती उठली नाहीत, दुसऱ्या दिवशी परत आली, सोबत आणखी पोरं, आणि बघता बघता ते लोण दक्षिणेतल्या कितीतरी शहरांत पसरलं. म्हणजे हा बाजार सगळ्यांचा होता असं आपण म्हणतो, तो सगळ्यांचा व्हावा म्हणून लोकांना त्याच बाजारात भांडावं लागलं. ते काउंटर आजही तिथेच आहे, दुकान 1993 ला बंद पडलं आणि 2010 पासून तिथे म्युझियम आहे.

परत डेट्रॉइटला येऊ.

1950 साली या शहराची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. पण लोक बाहेर सरकायला लागले होते, उपनगरात घर, दारात गाडी. हडसन्सच्या मालकांना ते दिसत होतं, आणि त्यांनी काय केलं? त्यांनी स्वतःच शहराबाहेर, साउथफील्डला, 1954 मध्ये नॉर्थलँड नावाचं शॉपिंग सेंटर काढलं, तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं. आपल्याच दुकानाची शाखा मध्ये, भोवती बाकीची दुकानं, आणि त्या सगळ्याभोवती पार्किंग, नजर जाईल तिथवर पार्किंग. धंद्याच्या हिशोबाने चूक म्हणता येणार नाही, गिऱ्हाईक जिथे गेलं तिथे दुकान गेलं. पण आपल्याच मुख्य दुकानाच्या पायावर आपणच धोंडा पाडला तो असा.

(पडद्यावर: व्हिक्टर ग्रुएनचा फोटो)

नॉर्थलँडचं डिझाइन करणारा माणूस व्हिक्टर ग्रुएन. व्हिएन्नात जन्मलेला, 1938 मध्ये नाझींपासून जीव वाचवून अमेरिकेत आलेला. याच्या डोक्यात व्हिएन्ना होतं, चालत फिरायचे रस्ते, चौकात बसलेली माणसं, वर घरं खाली दुकानं. त्याला वाटायचं की ही पसरलेली उपनगरं माणसाला एकटं पाडतायत, तर त्यांना निदान एक गावचौक देऊया. 1956 मध्ये मिनेसोटात एडिना इथे त्याचं साउथडेल उघडलं, वरून बंद, आत वर्षभर एकसारखं हवामान, आज आपण ज्याला मॉल म्हणतो त्याचा पहिला नमुना. त्याच्या प्लॅनमध्ये भोवती घरं होती, शाळा होती, दवाखाना होता, बाग होती. दुकानं झाली, पण त्याला हवं होतं तसं गाव भोवती उभं राहिलं नाही, बाकी सगळं गाड्यांच्या पार्किंगने भरलं. पुढे ग्रुएन व्हिएन्नाला परत गेला, आणि 1978 मध्ये लंडनच्या एका भाषणात त्याने स्पष्ट सांगून टाकलं की मला या मॉल्सचा बाप म्हणू नका, या पोरांची पोटगी मी भरणार नाही.

मला या माणसाबद्दल मनापासून वाईट वाटतं. शहर वाचवायला निघाला होता.

आणि एकट्या ग्रुएनने किंवा एकट्या हडसन्सने हे केलं नाही. त्याच 1956 साली अमेरिकन सरकारने हायवेचा कायदा केला, 41,000 मैलांचं जाळं, आणि ते हायवे कित्येक शहरांत थेट जुन्या वस्त्या फोडून मध्यातून नेले. त्याच्या दोन वर्षं आधी टॅक्सचा नियम बदलला, नवीन व्यापारी इमारतीचा घसारा (जुनी होत जाणाऱ्या इमारतीची घटणारी किंमत, जी उत्पन्नातून वजा करून टॅक्स वाचवता येतो) सुरुवातीच्या वर्षांतच भराभर दाखवता यायला लागला, म्हणजे जुनी इमारत नीट करण्यापेक्षा बाहेर मोकळ्या जमिनीवर नवीन बांधणं जास्त फायद्याचं. रस्ता सरकारने दिला, सवलत सरकारने दिली, मग बाजार सरकला यात नवल काय?

हडसन्सचं वुडवर्ड अॅव्हेन्यूवरचं दुकान जानेवारी 1983 मध्ये बंद झालं. अॅमेझॉन कंपनी स्थापन झाली 1994 ला. अकरा वर्षांचा फरक आहे हो! ज्याच्यावर आपण खुनाचा आळ घेतोय तो तेव्हा जन्मालाही आला नव्हता. पुढे 24 ऑक्टोबर 1998 ला ती इमारत सुरुंग लावून पाडली, काही सेकंदांत सगळं खाली आणि धुळीचा लोट रस्त्यारस्त्यांतून पळत सुटलेला. आणि ज्या नॉर्थलँडने गिऱ्हाईक ओढून नेलं होतं ते तरी टिकलं का, तर नाही, 2015 ला तेही बंद. हडसन्सची कंपनी मात्र जिवंत आहे, ती 1969 ला मिनेसोटाच्या डेटन कंपनीत मिळाली, आणि त्या जोडकंपनीने 2000 साली आपल्या स्वस्त दुकानांच्या साखळीचंच नाव घेतलं, टार्गेट. कंपनी वाचली, बाजार गेला.

ऑनलाइनचा काहीच हात नाही असं माझं म्हणणं नाही. ब्रिटनमध्ये आज किरकोळ विक्रीतला पाव हिश्श्याहून थोडा जास्त माल ऑनलाइन जातो. तिथे डेबेनहॅम्ससारखं डिपार्टमेंट स्टोअरचं जुनं नाव 2021 मध्ये दुकानांतून पुसलं गेलं, कॅनडात 1670 साली सुरू झालेल्या हडसन्स बे कंपनीची सगळी दुकानं जून 2025 पर्यंत बंद झाली (हे हडसन्स वेगळं, डेट्रॉइटशी संबंध नाही). पण अमेरिकेत 2024 सालीसुद्धा ऑनलाइनचा वाटा साधारण 16 टक्केच होता, म्हणजे उरलेली 84 टक्के खरेदी लोक घरात बसून नव्हे तर बहुतेक कुठेतरी जाऊनच करत होते, फक्त ते मध्यवर्ती बाजारात नव्हते. आधीच अशक्त झालेल्या माणसाला साध्या तापाने खाली पाडावं तसं हे झालंय, ताप खरा आहे, पण अशक्तपणा जुना आहे.

(पडद्यावर: परत तीच काच, तोच पिवळा कागद)

आता या कागदाकडे परत या, कारण सगळ्यात कमी बोललं जातं ते याबद्दल. गाळा तीन तीन वर्षं रिकामा, मग मालक भाडं कमी का करत नाही? आपल्याला वाटतं हट्टी असेल, श्रीमंत असेल, पडलेलं नसेल. पण बऱ्याचदा भानगड कर्जाची असते. मोठ्या व्यापारी इमारतीची किंमत तिच्या विटांवरून ठरत नाही, तिच्यातून किती भाडं येतं यावरून ठरते, आणि त्या किमतीवर बँकेने कर्ज दिलेलं असतं. समजा कागदावर गाळ्याचं भाडं 100 धरलंय. एक नवीन पोरगी येते, तिला दुकान टाकायचंय, ती म्हणते मी 60 देते. हो म्हटलं की त्या इमारतीची किंमत 60 च्या हिशोबाने खाली येते, आणि बँक विचारते की तारण कमी पडतंय, फरक भरा. नाही म्हटलं आणि गाळा रिकामा ठेवला तर? तर कागदावर ते अजून 100 च आहे, फक्त सध्या भाडेकरू मिळालेला नाही एवढंच. म्हणजे रिकामा गाळा मालकाला परवडतो आणि चालू दुकान परवडत नाही. ब्रिटनमध्ये तर कित्येक करारांत अटच असायची की दर पाच वर्षांनी भाड्याचा फेरविचार होईल, पण वरच्याच दिशेने, खाली कधीच नाही. बाजार पडलेला, वर्दळ नाही, आणि भाडं तेवढंच.

आणि गाळा एकटा मरत नाही हे लक्षात घ्या. मोठं दुकान गेलं की त्याच्याकडे येणारी माणसं शेजारच्या चप्पलवाल्याकडे, पुस्तकवाल्याकडे डोकवायची ती बंद होतात. मोठ्या मॉलमध्ये तर करारातच लिहिलेलं असतं की मुख्य दुकान बंद झालं तर बाकीच्यांना भाडं कमी करून मागता येईल किंवा निघून जाता येईल, म्हणजे एक पत्ता काढला की अख्खा बंगला खाली. रस्त्यावरच्या दुकानदाराला तेवढंही संरक्षण नाही, तो फक्त बघत बसतो, आज समोरचं गेलं, उद्या बाजूचं.

मग करायचं काय? एक उपाय सगळ्यांना सुचतो, गाड्या बंद करा, रस्ता चालणाऱ्यांना द्या. कोपनहेगनने 1962 मध्ये स्ट्रॉएट नावाचा रस्ता तसा केला, दुकानदारांनी केवढा विरोध केला, धंदा बसेल म्हणाले, आणि आज साठ वर्षांनंतरही तो रस्ता माणसांनी फुललेला आहे. पण ग्रुएननेच कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला 1964 मध्ये अगदी असाच रस्ता करून दिला होता, झाडं, कारंजी, शिल्पं सगळं, आणि तो इतका ओस पडला की 2017 मध्ये शहराने तिथून परत गाड्या सुरू केल्या. दोन वर्षांच्या अंतराने केलेले दोन रस्ते, एक जगला, एक गेला. फरक माझ्या मते दगडी फरशीत नव्हता. कोपनहेगनमध्ये त्या रस्त्याच्या आजूबाजूला लोक राहत होते, सायकलने, पायी, कामाला जाता येता तिथून जात होते. फ्रेस्नोमध्ये शहर उत्तरेकडे पसरत गेलं, मध्यात रात्री झोपायला कोणी उरलंच नाही. जिथे माणूस राहत नाही तिथे संध्याकाळी सातनंतर दुकान कोणासाठी उघडं ठेवायचं?

स्पेनमध्ये पाँतेवेद्रा म्हणून छोटं शहर आहे, त्यांनी 1999 पासून मध्यातून गाड्या जवळपास हटवल्या, आणि ते टिकलं, कारण तिथेही मध्यात लोकवस्ती आहे.

दुसरा उपाय कमी दिखाऊ आहे पण मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो, गाळा कोणाच्या हातात आहे तो प्रश्न. पॅरिस शहराने 2004 पासून एक योजना चालवली, ज्या भागात छोटी दुकानं नाहीशी होत होती तिथे विकायला निघालेले गाळे शहराच्याच कंपनीने आधी हक्क सांगून विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि पुस्तकविक्रेते, कारागीर, वाणी अशांना द्यायचे. इंग्लंडमध्ये डिसेंबर 2024 पासून नवीन अधिकार आलाय, दोन वर्षांच्या काळात 365 दिवसांपेक्षा जास्त रिकाम्या राहिलेल्या गाळ्याच्या भाडेपट्ट्याचा लिलाव स्थानिक कौन्सिल करू शकते, मालकाची इच्छा असो नसो. म्हणजे काचेवरच्या त्या पिवळ्या कागदाला पहिल्यांदाच तारीख लागली. सगळ्या कौन्सिल्स हे वापरतील का, गाळ्यांची दुरुस्ती कोण करणार, हे प्रश्न आहेतच, पण रिकामा ठेवणं फुकट राहिलं नाही हीच मोठी गोष्ट आहे.

आणि काही ठिकाणी दुकान परत आणायचंच नाही असंही ठरलंय. इंग्लंडमध्ये स्टॉकटन-ऑन-टीज गावाने नदीकाठचं अख्खं शॉपिंग सेंटर पाडायला काढलं, तिथे नदीपर्यंत मोकळी बाग करायची म्हणून, आणि उरलेली दुकानं जवळच्या जागेत एकत्र आणली. पन्नास दुकानं लागणाऱ्या गावाकडे दीडशे गाळे असतील तर शंभर शटरं कायमची खालीच राहणार, त्यापेक्षा तिथे घरं, दवाखाना, वाचनालय येऊ दे. मला हे हार मानणं वाटत नाही.

(पडद्यावर: डेट्रॉइट आज, वरून घेतलेलं दृश्य)

हडसन्स पाडलं ती जागा जवळपास वीस वर्षं मोकळी होती, खाली जमिनीत पार्किंग आणि वर काही नाही. डिसेंबर 2017 मध्ये तिथे नव्या इमारतीचा पाया खोदायला घेतला. आता दोनशे मीटरहून उंच टॉवर उभा आहे, नाव ठेवलंय हडसन्स डेट्रॉइट. आत ऑफिसं, हॉटेल, राहायची घरं, आणि तळमजल्यावर रस्त्याला तोंड करून दुकानांसाठी काचेचे गाळे.