खोक्यातल्या मेलेल्या डिस्क

हा आवाज ऐका. टक... टक... टक. हार्ड डिस्कच्या आत वाचणाऱ्या हेडला फिरत्या चकतीवरचं काय वाचता येईना, म्हणून ते सारखं मागं जाऊन परत येतंय. वर पेनानं लिहिलंय, 'खानापूर, हळद आणि लग्न'. ते लग्न मीच शूट केलतं. बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या स्टुडिओत एडिटिंग अर्धं झालेलं आणि कॉपी दुसरीकडं कुठंच नव्हती. नवरीचे आजोबा पुढच्याच महिन्यात वारले, आणि तिच्या आईनं फोनवर एवढंच विचारलं, "काहीच निघंना काय ओ दादा?"

त्या दिवसापासून मी दिसेल त्याला सांगत सुटलो, त्या कंपनीची डिस्क घेऊ नका. निपाणी-चिकोडीकडचे फोटोग्राफर माझं ऐकून दुसरी घ्यायला लागले.

मग खडे बाजारात रिपेरीवाल्या मामांकडं गेलो. खोकं भरून मेलेल्या डिस्क, आणि त्यातपण तीच कंपनी जास्त. मी म्हटलं, बघा मामा. मामा म्हणाले, "आपल्याकडं खपतेच ती जास्त की रे. चालू डिस्क माझ्याकडं कोण आणतंय?"

तिथं मी गपगार झालो.

बॅकब्लेझ म्हणून अमेरिकेतली बॅकअपची कंपनी आहे, ती 2013 पासून आपल्या ड्राइव्हचे आकडे उघड सांगते. तिथं वर्षाला शंभरात साधारण एक-दोन ड्राइव्ह जातात. आणि एकाच कंपनीचं 3 टीबीचं एक मॉडेल भराभर मेलं, 4 टीबीचं मात्र त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकलं. म्हणजे नुसतं कंपनीचं नाव घेऊन काय कळणार? आता माझा हिशोब करा, सहा डिस्क, प्रत्येक पाच वर्षं चालली, एकूण तीस वर्षांचं चालणं, शंभरात दीड धरली तर त्यात अर्धी डिस्क जायला पाहिजे. अर्धी कधी जात नाही ओ, एकतर एक जाते नाहीतर एकपण नाही, आणि त्या एकीवर मी अख्खी कंपनी बदनाम केली.

शिवाय ती डिस्क पावसाळ्यात खानापूर रोडच्या खड्ड्यांतनं बाईकच्या डिकीत आलती, कॉपी चालू असताना दोनदा लाईट गेलती. दोष कुणाचा, मला खरंच सांगता येत नाही. आदल्या दिवशी डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर 'गुड' दाखवत होतं. गूगलनं 2007 मध्ये लाखावर ड्राइव्हचा अभ्यास मांडला, त्यात मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्तींनी स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःची तब्येत नोंदवते त्या यंत्रणेच्या, चार मुख्य खुणांपैकी एकपण आधी दाखवली नव्हती.

निपाणीच्या पोरांना फोन करून सांगितलं, मी चुकीचं बोललो, कुठलीपण घ्या पण दोन घ्या.

खानापूरच्या त्या घरी परवा एका नातवाच्या जुन्या मोबाईलमध्ये क्लिप सापडली. आजोबा थरथरत्या हातानं अक्षता टाकतायत, टोपी नीट करतायत. ती आता माझ्याकडं दोन डिस्कवर आहे, आणि तिसरी कॉपी त्यांच्या घरात, देवघराच्या वरच्या कपाटात.